भुईवर नाही, गोधडीवर

नाना, तुम्हाला भुईवर मीच घेतलं. हे आधी सांगून टाकते, कारण गेले नऊ दिवस भेटेल तो माणूस या एका वाक्याच्या भोवती गोल गोल फिरतो आणि नेमकं तेच टाळतो. "तुमचा काही दोष नाही मॅडम," म्हणतात. मी कुठे विचारलं होतं? दोष नाही असं सांगायला चार जण आले की समजावं, पाचवा कुठेतरी बसून दोष काढतोय.

उद्या तुमचा दहावा. आज माझी सुट्टी आहे. घरी बसून कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय, आणि माझ्याशी भांडायची खरी सवय तुम्हालाच होती. म्हणून लिहायला बसले.

सात वर्षं आपण एका रुग्णवाहिकेत काढली. तुम्ही स्टिअरिंगवर, मी डॉक्टर म्हणून मागे पेशंटजवळ. नरडाण्याच्या अलीकडच्या त्या लहानशा सरकारी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली आपली गाडी उभी असायची आणि पुढचं दार उघडं टाकून तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडायचात. त्यातली अर्धी माझी असायची. मी दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली. वडील वीज केंद्रात, शाळा कॉलनीतली, बोलणं पुस्तकातलं. "मॅडमनी भाषा टीव्हीमानी शे," असं तुम्ही पहिल्याच आठवड्यात सगळ्या दवाखान्याला सांगून टाकलंत. मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे तुम्हाला तोवर माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं आणि तुम्ही मुद्दाम त्याची मजा घेऊ लागलात.

त्या टीव्हीच्या भाषेचं खरं दुखणं मला पहिल्या महिन्यातच कळलं. तापीकाठच्या एका गावातून फोन आला होता. दुपारची वेळ, अंगणात खाट, खाटेवर साठीतले एक गृहस्थ. श्वास नाही, नाडी नाही. अशा वेळी छाती दाबायची असते, जोरात आणि न थांबता, आणि ती खाटेवर दाबता येत नाही. सुतळीची खाट माणसासकट खाली जाते, छाती तशीच राहते. मी म्हणाले, "यांना आधी खाली घ्या. जमिनीवर."

घरात एकदम आकांत झाला. त्यांची बायको खाटेचा खूर धरून बसली. "भुईवर काबर लेतस वं बाई? आजून जीव शे त्यासमा!" पुतण्याने माझा हात धरला. मी समजावत होते की हृदय बंद पडलंय, दाब द्यायला कठीण पृष्ठभाग लागतो. ऐकत कुणीच नव्हतं. आपल्याकडे माणूस जायला निघाला की जागा सारवून त्याला खाटेवरून भुईवर घेतात आणि तोंडात गंगाजल घालतात. म्हणजे मी त्या अंगणात सरकारी कोट घालून उभी राहून, माणूस गेला असं जाहीर करत होते. आमच्या बौद्ध घरात हे काही नाही, पण शेजारपाजारी पाहिलेलं होतं. त्या वेळी नेमकं आठवलं नाही.

तुम्ही गाडीकडे गेलात. मला वाटलं, स्ट्रेचर आणायला. तुम्ही सीटमागून गोधडी घेऊन आलात, दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये जिच्यावर आडवे व्हायचात ती. अंगणात अंथरलीत, आधी स्वतः तिच्यावर मांडी घालून बसलात आणि शेजारची जागा हाताने थोपटलीत. "भुईवर नई, माय. मन्ही गोधडीवर. मी रोज आठेच निजस. माले काय व्हयनं का?"

त्या बाईने खूर सोडला. चौघांनी उचलून त्यांना गोधडीवर ठेवलं आणि आपण दाबायला लागलो. ते वाचले नाहीत. परत येताना मी मागे एकटी रडत होते. तुम्ही आरशातून बघितलंत आणि म्हणालात, "मॅडम, त्या माउलीले पृष्ठभाग म्हंजे काय समजी?" रडता रडता मला हसू आलं. सात वर्षं तुम्ही मला त्या 'पृष्ठभागा'वरून चिडवत राहिलात.

तेव्हापासून ठरूनच गेलं. गाडी थांबली की मी औषधांची पेटी आणि शॉक द्यायचं मशीन उचलायची, तुम्ही गोधडी. तुमच्या बायकोने, अक्कांनी, शिवलेली. हिरवं लुगडं, पिवळा काठ, आणि एका कोपऱ्यात तुमच्या जुन्या खाकी शर्टाचं ठिगळ. ती अंथरायची, आधी तुम्ही बसायचं, मग माणूस खाली घ्यायचा. मी दाबायची, तुम्ही मोजायचं. तीस झाले की तुमचं ठरलेलं, "तीस व्हयनात, मॅडम." मग मी थांबून पिशवीने दोन श्वास द्यायची आणि पुन्हा एकपासून सुरू. बाकीच्या गाड्यांवरच्या डॉक्टरांना घरातल्या लोकांशी हुज्जत घालण्यात जो वेळ लागायचा, तो मला कधी लागला नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले का? आठवून पाहिलं. नाही मानले.

आपलं एकच भांडण सात वर्षं पुरलं. तुमचं म्हणणं, गाडी पळवू द्या. धुळं चाळीस मिनिटांवर आहे, मी तिशीत नेतो. माझं म्हणणं, बंद पडलेलं हृदय चाळीस काय नि तीस काय, तेवढी वाट पाहत नाही. जे करायचं ते माणूस पडला त्या जागीच, कारण धावत्या गाडीत धड उभं राहता येत नाही, दाबणार कसं? यावर तुम्ही फुरंगटायचात. "मंग माले काय गोधडी टाकाले ठेयेल शे?"

औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोरचा चहावाला आठवतो ना? हातातल्या कपबशीसकट पडला होता. तुम्ही म्हणालात पळवू, मी म्हणाले नाही. त्या धुळीत, ट्रकांच्या मध्ये, गोधडीवर आपण त्याला दाबलं, दोनदा शॉक दिला, आणि तो परत आला. मग मात्र तुम्ही जी गाडी पळवलीत, ती मी जन्मात विसरणार नाही. दोन महिन्यांनी तो आपल्या पायांनी दवाखान्यात आला, छाती धरून तक्रार करायला. "बाकी बठ्ठं बरं शे, पन डॉक्टरीणबाईनी बरगडी मोडी टाकी." तुम्ही त्याला म्हणालात, "बरगडी मोडी म्हनीसन बोली ऱ्हायना तू!" त्या दिवसानंतर तुम्ही पळवायचा हट्ट सोडलात. पण मॅडमचं बरोबर होतं, एवढे शब्द तुमच्या तोंडून शेवटपर्यंत निघाले नाहीत.

खरं सांगायचं तर आपण गोधडीवर घेतलेली बहुतेक माणसं गेलीच. फोन उशिरा येतो, रस्ते असे, आणि तोवर घरचे कांदा हुंगवत बसलेले असतात. प्रत्येक वेळी परत आल्यावर तुम्ही दवाखान्याच्या नळावर ती गोधडी धुवायचात आणि कुंपणावर वाळत घालायचात. मी तेव्हा अहवाल लिहीत असायची. कधी डोकं वर केलं तर कुंपणावर तो पिवळा काठ दिसायचा आणि जरा बरं वाटायचं.

आता मी तुम्हाला बोलले ते वाक्य.

जिल्ह्यातून एक साहेब गाडीच्या तपासणीला येणार होते. मी आदल्या दिवशी छापील यादी घेऊन बसले. सकाळपासून ऑक्सिजनच्या नळीने डोकं फिरवलं होतं, एक मास्क सापडत नव्हता. तुमच्या सीटमागे हात घातला तर गोधडी. एका बाजूला रक्ताचा जुना डाग, डिझेलचा वास. मी म्हटलं, ही यादीत नाही, घरी घेऊन जा. तुम्ही हसलात. "मॅडम, ही बी मशीनच शे. हिले बॅटरी लागत नई."

एरवी मीही हसले असते. त्या दिवशी सिस्टर आणि सफाईवाल्या मावशी उभ्या असताना, त्यांच्या देखत, मी म्हणाले, "नाना, ही गाडी आहे, तुमचं घर नाही."

तुमचं हसू थांबलं. तुम्ही गोधडीची नीट चौघडी केलीत आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटला दोरीने बांधलीत. दुसऱ्या दिवशी साहेब आले. उन्हात पाच-सात मिनिटं उभे राहिले, टायर बघितले, माझी सही बघितली, चहा घेतला आणि गेले. सीटमागे त्यांनी डोकावूनही पाहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाच्या धाकाने मी तुमची गोधडी काढली होती. त्याच संध्याकाळी म्हणायला हवं होतं, नाना, उद्या आणा ती परत. नाही म्हटलं. मग चार दिवस आपण दोघं गाडीत अनोळखी माणसांसारखे बसलो. "डावीकडे." "हो." "पोचलो." भाकरी तुम्ही पुढचं दार लावून एकट्याने खाल्लीत. पाचव्या दिवशी तुमची सुट्टी होती. तुम्ही सुट्टीवरून आलात की बोलायचं, असं मी ठरवलं होतं, शब्दही जुळवून ठेवले होते. थट्टेतच काहीतरी. सरळ माफी मागणं मला जमत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला कंट्रोल रूममधून फोन आला. पुरुष, पंचावन्नच्या आसपास, पडलाय, श्वास घेत नाही. गाव तुमचं. बदलीचा ड्रायव्हर म्हणाला, "हे तर आपल्या नानांचं गाव." मी म्हटलं, "बरं झालं. नाना घरी असतील तर मदतीला येतील."

खरंच असं म्हणाले मी. शेवटच्या वळणापर्यंत मला तुम्ही गर्दीत सगळ्यांच्या पुढे, गाडीला हात करत उभे दिसत होतात.

तुम्ही खाटेवर होतात. कुणी नाकाशी कांदा धरला होता, कुणी तळपाय चोळत होतं. तुमचे थोरले भाऊ, आबा, उशाशी खाटेची दोन्ही टोकं धरून उभे होते. अक्का दारात, डोक्यावरून पदर तोंडापर्यंत ओढलेला. मी मशीन सुरू केलं आणि म्हणाले, "खाली घ्या यांना." आबा म्हणाले, "नई. भुईवर लेवानं नई. आजून जीव शे."

तेव्हा मी काय केलं, नाना? मी मागे वळून पाहिलं. तुम्हाला शोधायला. सात वर्षांची सवय. आता नाना पुढे होतील, गोधडी अंथरतील, बसतील. मागे बदलीचा ड्रायव्हर ऑक्सिजन घेऊन उभा होता. त्याच्या हातात गोधडी नव्हती, कारण ती मी गाडीतून काढायला लावली होती.

मी ओरडले. टीव्हीच्याच भाषेत ओरडले असेन. वेळ जातोय, खाटेवर दाबता येत नाही, आबा सोडा. आबांनी खाट सोडली नाही. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. मी खाटेवर गुडघा टेकून दाबायला गेले, तर खाट माझ्यासकट खाली गेली. तेवढ्यात मागून आवाज आला, "आबा." एवढाच. सगळं अंगण एकदम चिडीचूप झालं. का झालं ते मला तेव्हा कळलं नाही. अक्का घरातल्या दांडीवरची गोधडी घेऊन खाली उतरल्या होत्या. त्यांनी ती खाटेशेजारी अंथरली आणि खाकी ठिगळाच्या कोपऱ्यावर बसल्या, अगदी तुम्ही बसायचात तशा. "आबा, त्यासनी गोधडी शे. आठे ल्या."

आबांचे हात सुटले. आम्ही तुम्हाला खाली घेतलं.

मी दाबलं, ड्रायव्हरने दाबलं, पुन्हा मी. पडद्यावर सरळ रेघ होती. सरळ रेघेला शॉक देत नाहीत, औषध द्यायचं आणि दाबत राहायचं, एवढंच असतं. मोजत मीच होते. तीस झाले की दर वेळी क्षणभर कान देत होते, "तीस व्हयनात" ऐकू येईल म्हणून. अर्ध्या तासाहून जास्त दाबलं. मग मी थांबले.  ठिगळाचा कोपरा ओढून अक्कांनी तुमच्या पायांवर घातला.

मशीन सगळ्या वेळा लक्षात ठेवतं. ते सुरू झाल्यापासून तुमच्या छातीवर पहिला धड दाब पडेपर्यंत दोन मिनिटं गेली. तो आकडा मी पुन्हा पुन्हा काढून पाहिलाय. गोधडी माझ्या हातात असती तर ही दोन मिनिटं गेली नसती. त्याने तुम्ही वाचला असतात का? डॉक्टर म्हणून सांगते, बहुतेक नाही. आम्ही पोचायच्या आधीच बराच वेळ गेला होता. पण हे 'बहुतेक' मला झोपू देत नाही.

त्याच दुपारी तुमच्या गल्लीतल्या हापशावर हात धुताना मी माझ्या कानांनी ऐकलं. "मॅडमनी भुईवर उतारं आन् नाना गया." ज्या समजुतीपुढे तुम्ही सात वर्षं गोधडी अंथरलीत, ती तुमच्याच अंगणात खरी ठरली. मी स्मशानात लांब उभी होते आणि माझ्या मनात तुमच्यापेक्षा त्या गावातल्या पुढच्या माणसाचा विचार होता. तो पडेल, आणि त्याच्या घरचे मला त्याला खाटेवरून काढू देणार नाहीत, कारण नानांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. सरणासमोर उभं राहून असा हिशोबी विचार करते म्हणून माझीच मला लाज वाटली. पण भीती खरी होती.

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याने गाडी गेली तेव्हा नाल्याजवळ तुमचं अंथरूण टाकलेलं दिसलं. गादी, उशी, चादर, खाटेची कापलेली सुतळी. गेलेल्या माणसाचं टाकतात तसं. मी गाडी हळू घ्यायला सांगितली. गोधडी त्यात नव्हती. कुणीतरी उचलून नेली असेल, असं मी समजले.

आणि काल, नाना.

काल दुपारी चार वाजता फोन आला. गाव तुमचंच. तुमच्या घरापासून चौथं घर. बाई, साठीच्या, ओट्यावर बसल्या बसल्या कलंडल्या, श्वास घेत नाहीत. निघाल्यापासून मी तुमचं वाक्य पाठ करत होते. "भुईवर नई, माय." माझ्या तोंडून ते इतकं वाईट येत होतं की ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. आणि वाक्य जमलं तरी अंथरणार काय? गाडीत रेक्झिनचा काळा तुकडा होता. तो हातात घेतला आणि परत ठेवला. असल्या काळ्या कापडात लोकांनी काय गुंडाळलेलं पाहिलेलं असतं, ते मला माहीत आहे. म्हटलं, आता जाऊन भांडायचं. दुसरं मला येतं काय?

दारात गर्दी होती, पण रडणं नव्हतं. आतून एका बाईचा मोजण्याचा आवाज येत होता. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तीस व्हयनात, आबा."

अंगणाच्या मधोमध गोधडी होती. हिरवी, पिवळ्या काठाची. तिच्यावर ती बाई, आणि तिच्यावर वाकून, टोपी काढून, घामाने निथळत, आबा छाती दाबत होते. ज्यांनी खाट सोडली नव्हती ते आबा. त्या दिवशी अर्धा तास मी काय करत होते, ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. ठिगळाच्या कोपऱ्यावर अक्का बसून मोजत होत्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. तुमच्या घराला सुतक आहे. तेराव्यापर्यंत तुमच्या माणसांनी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. दोघांनीही टाकलं होतं.

नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. त्या बाईचा नवरा खाटेला धरून बसला होता, भुईवर नको म्हणत होता. आबांनी त्याला सांगितलं, "मी मन्हा भाऊ खाटवर गमाडा. तू बायको गमाडू नको." घरातली म्हातारी म्हणाली, गेलेल्या माणसाची गोधडी आहे ती. त्यावर अक्का तुमच्याबद्दल एवढंच बोलल्या, "त्या रोज आठेच निजेत."

"मॅडम, मन्हा हात भरी गयात," म्हणून आबा बाजूला झाले आणि मी बसले. मशीनवर या वेळी सरळ रेघ नव्हती, थरथरणारी होती. थरथरणाऱ्या रेघेला शॉक देता येतो. मी हात काढायला सांगितले. आबा भान नसल्यासारखे त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवूनच होते. अक्कांनी त्यांचं मनगट धरून मागे खेचलं आणि ओरडल्या, "बठ्ठा हात काढा!" शॉक दिला. पुन्हा दाबलं. आबा मोजायला लागले होते, अक्काही, दोघांची मोजणी पुढेमागे होत होती. मग मानेवरच्या माझ्या बोटांखाली काहीतरी टकटकलं. मी दोघांनाही गप्प केलं. नाडी होती.

स्ट्रेचर गाडीत चढत असताना अक्का माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "त्या दिनले मन्हा दोन मिनिट गयात, मॅडम. आबासमोर मन्हा तोंडमाईन शब्द निंघना नई." तेव्हा मला त्या दिवशी अंगण गप्प का झालं ते कळलं. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, जेठासमोर, तुमच्याकडची बाई बोलत नाही. बत्तीस वर्षांत अक्का आबांसमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीचं ते "आबा" हा पहिला. मागे उभे असलेले आबा खाली बघत म्हणाले, "तुन्हा नई, मन्हा. खाट मी सोडी नई."

 जी दोन मिनिटं मी आठ दिवस एकटीची म्हणून वागवत होते, ती त्या घरात दोघंजण आपापली म्हणून घेऊन बसले होते. मी माझं सांगायला तोंड उघडलं, की गोधडी मी घरी पाठवली होती, कशी पाठवली, काय बोलून पाठवली. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. सांगायचं राहिलं. उद्या सांगेन त्यांना. तुम्हाला मात्र आजच सांगते. माझं चुकलं, नाना.

अक्कांनी गोधडीची चौघडी केली आणि मला न विचारता ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवली. जागा त्यांना कुणी दाखवली नव्हती. मग आम्ही निघालो. आणि आता नीट ऐका, कारण हे मी एकदाच म्हणणार आहे. नाडी लागल्यावर पळवणारा माणूस लागतो. काल तुम्ही हवे होतात. बदलीचा ड्रायव्हर सोनगीरपाशी प्रत्येक ट्रकच्या मागे नेमाने थांबत होता, आणि मी मागून त्याला तुमच्या नावाने ओरडत होते. आपल्या भांडणात निम्मं तुमचं बरोबर होतं.

आज सकाळी धुळ्याहून कळलं, त्या बाईंनी डोळे उघडले. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. गोधडी मी घरी आणून धुतली. गॅलरीत वाळतेय. बाकी सगळी वाळली, तुमचं ठिगळ तेवढं अजून ओलं आहे.

उद्या नदीवर पिंड ठेवतील. कावळा यायला उशीर झाला की तुमची माणसं एकेक कबूल करत जातील, अक्कांना अंतर देणार नाही, म्हैस विकणार नाही. आमच्याकडे पिंड नाही आणि कावळाही नाही, हे तुम्हाला माहीत होतं. कॉल आला नाही तर मी वरच्या रस्त्यावर गाडी लावून उभी असेन. कावळ्यावर माझा विश्वास नाही, तरी माझ्याकडचं कबूल करून ठेवते. गोधडी तुमच्या सीटमागे असेल. यादीत ती अजूनही नाही. पुढच्या तपासणीला कुणी विचारलं, हे काय आणि इथे कशाला, तर भांडायला मी आहे. सांगेन, राहू द्या साहेब, हे नानांचं घर आहे.